फोन म्हणतो, जोडलाय

२ मार्च

माझ्या टाचणीला, आजीचा एक पापा आणि एक धपाटा.

धपाटा अशासाठी की तू सारखा फोन करतेस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी माझ्या मनानं भरते, मग तू हसत बसतेस. चाळीस वर्षं शिलाईच्या मशिनींच्या खडखडाटात काढली, कान तिथेच ठेवून आले. मेसेज पाठवतेस तर तो वर सरकून कुठे जातो कुणास ठाऊक. पत्राचं बरं असतं. खिडकीच्या पडद्याला टाचून ठेवलं की महिनाभर जागचं हलत नाही. माझी शाळा चौथीत संपली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आता मुद्दा. तू म्हणालीस (हे मी बरोबर ऐकलंय, तीनदा वदवून घेतलंय) की २८ तारखेला, शनिवारी, दुपारी चारला तुमच्या नाटक कंपनीचं नाटक फोनवर दिसणार. एकदाच, पुन्हा नाही. आणि त्यातल्या सेनापतीचा कोट तू एकटीनं बेतलास, कापलास, शिवलास. कपडेपटात लागून वर्ष झालं नाही तर एकटीला कोट दिला. मला इतका आनंद झाला की चहात दोनदा साखर घातली आणि तोच प्यायले.

पण पोरी, फोनवर मला माणूस मुंगीएवढा दिसतो. मुंगीनं कोट घातलाय एवढं कळेल, कॉलर कशी बसली ते काय कपाळ कळणार? कॉलर तू माझ्याकडून शिकलीस. मला ती बघायचीच आहे, आणि मोठी बघायची आहे. खालच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, फोनमधलं चित्र टीव्हीवर दाखवता येतं, वायरसुद्धा लागत नाही. मी म्हटलं, अहो, पण फोनच्या पाठीवर एका कंपनीचं नाव आणि टीव्हीच्या कपाळावर दुसरीचंच. तो म्हणाला, तरी जमतं. आता जमत असेल. तुझे आजोबा आणि मी तरी कुठे एका कंपनीचे होतो.

फोन तू दिलास, टीव्ही तुझ्या बापानं. दोघांनी ठरवून एकच कंपनी घेतली असती तर ही वेळ आली नसती, पण बापलेकी कधी एकमेकांना विचारून काही करतील तर ना.

शेजारची काजेवाली बरी आहे. म्हणजे असावी. बोलत नाहीच. सात वर्षं झाली, नाकावरचा राग खाली उतरत नाही. एकदा कारखान्यात एक कोट परत आला, मालकानं विचारलं, मी म्हटलं, काजं हिची, हिला हल्ली नीट दिसत नाही. खरं तेच बोलले. दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेब कामावर आल्या नाहीत. एका टेबलावर तीस वर्षं बसलो, आता एका जिन्यावरून चढतो तर ती भिंतीकडे बघते. असो.

काय दाबायचं ते एकेक करून लिही. मोठ्या अक्षरात.

तुझी,
आजी


६ मार्च

प्रिय आजी,

पापा पोचला, धपाटाही पोचला. हे पत्र कपडेपटाच्या टेबलावर लिहितेय, कोपराशी सेनापती उलटा पडलाय, म्हणजे त्याचा कोट. बावीस काजं आहेत त्याला. बावीस. सगळी हातानं. कपडेपटाच्या ताई म्हणाल्या, मशिनवर कर, लांबून कुणाला कळतंय. मी म्हटलं, माझ्या आजीला कळेल. तर आता तुला ती दिसलीच पाहिजेत, नाहीतर मी उगाच बोटं भोसकून घेतली.

हे मोठ्या अक्षरात:

टीव्ही चालू कर. फोनवर बोट वरून खाली ओढ, म्हणजे छोट्या छोट्या चित्रांची ओळ उतरते. त्यात वायफायचं चित्र निळं असू दे. मग ते चित्र शोध ज्यात एक चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यात बाण आहे. ते दाब. फोन जरा वेळ शोधत बसेल, बसू दे, घाई करू नकोस. मग टीव्हीचं नाव येईल, अक्षरं आणि आकडे असं काहीतरी लांबलचक. त्या नावावर बोट ठेव. ‘जोडला’ असं आलं की झालं. मग फोनमध्ये जे जे दिसेल ते सगळं टीव्हीवर दिसेल आणि आवाजही टीव्हीतूनच येईल.

कंपनी वेगळी असली तरी चालतं. मी आधीच तुझ्या फोनला नाव देऊन ठेवलंय, म्हणजे टीव्हीला कळावं कोण आलंय. नाव दिलंय ‘कॉलरवाली’. कारखान्यात तुला सगळे तेच म्हणायचे ना.

रोज थोडी सवय कर, म्हणजे २८ ला धांदल नको.

काजेआजीला माझा नमस्कार सांग. म्हणजे सांगता आला तर.

तुझी,
टाचणी


११ मार्च

टाचणे, अगं टाचणे,

जोडला. आणि जोडलाही नाही. आता तूच सांग हे काय आहे.

तू लिहिलंस तसंच केलं. तुझं पत्र टीव्हीच्या वरच टाचलं, म्हणजे मान फिरवायला नको. चौकोन-बाण सापडला. फोन शोधत बसला, मी एक बाही उसवून होईपर्यंत. मग एकच नाव आलं, एकच, लांबलचक, तू म्हणालीस तसं. मी बोट ठेवलं. फोन म्हणाला, थांबा. मी थांबले. थोड्या वेळानं म्हणाला, जोडला. मी टाळी वाजवली. आणि टीव्हीकडे बघते तर तिथे आपले बातम्यावाले बोलताहेत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. या खेपेला तर थांबाही म्हणाला नाही, लगेच जोडला. टीव्ही ढिम्म. तिसऱ्या दिवशी मी टीव्हीला दोन चापट्या मारल्या, प्रेमानं. काही नाही.

पण तू सवय कर म्हणालीस म्हणून मी रोज तीन ते चार जोडते आणि टीव्हीसमोर बसते. मला वाटलं, हळूहळू तापेल, जुन्या रेडिओसारखा. तोवर बसल्या बसल्या फोनवर हे ते करते. तू शिकवलेल्या आरशानं, म्हणजे ज्यात आपलंच तोंड दिसतं त्या कॅमेऱ्यानं, काल नवी कवळी नीट बसली का ते बघितलं. आ करून, सगळ्या बाजूंनी. डावीकडे जरा टोचते. मग एक बाई गुडघ्याचे व्यायाम सांगते ते बघितलं. तिचा आवाज मात्र येत नाही, कान अगदीच गेले वाटतं, म्हणून मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत दाबून ठेवते. जुने फोटो बघते. इकडचं तिकडचं.

आणि काजेवालीची तर कमालच झाली. परवा मी पाण्याचा डबा घेऊन जिना चढत होते, ती उतरत होती. सात वर्षांनी तोंड उघडलं बाईनं. काय म्हणाली असेल? ‘टीव्हीचा आवाज जरा कमी कर.’ मोठ्यानं म्हणाली, माझ्या कानाशी येऊन, दोनदा. अगं, माझ्या टीव्हीचा आवाज तर बंदच असतो. बातम्यावाल्यांचा कंटाळा आला म्हणून मी त्यांचा आवाज कधीच घालवलाय. मला असा राग आला. सात वर्षांनी बोलायचं ते हे, आणि तेही खोटं. मी म्हटलं, तुझेच कान वाजत असतील. तर ती हसली. भांडायच्या वेळी हसते.

काल पुन्हा भेटली. म्हणाली, ‘डावीकडे टोचत असेल तर दातांच्या डॉक्टरकडे जा, घासून देतात.’ मी घरी येऊन आरशात बघितलं, माझा गाल सुजलाय की काय. नाही सुजलेला. मग तिला कसं कळलं? ती बाई पहिल्यापासून तशीच आहे, टेबलाच्या या टोकाला सुई पडली की त्या टोकाला तिला कळायचं.

सतराच दिवस राहिले. टीव्ही बिघडलाय का? तुझ्या बापाला सांगू नकोस, लगेच नवा घेईल आणि आणखी तिसऱ्याच कंपनीचा घेईल.

तुझी,
आजी


१५ मार्च

प्रिय आजी,

बस. आधी खुर्चीत बस, मग पुढे वाच.

चूक माझी आहे. तुझ्या टीव्हीला आधी सांगावं लागतं की कुणीतरी यायचंय. रिमोटवर एका चौकोनात आत जाणारा बाण असतो, ते बटण दाबायचं, मग यादी येते, तिच्यात खाली खाली जाऊन ‘फोनची स्क्रीन’ असं असेल त्यावर थांबायचं. मगच त्याचं नाव तुझ्या फोनवर येतं. हे मी लिहायला विसरले. तुझ्या फोनच्याच कंपनीचे टीव्ही मात्र चालू असले की आपण होऊनच नाव दाखवतात, त्यांना सांगावं लागत नाही.

म्हणजे आजी, तुला जे एकच नाव दिसलं ते तुझ्या टीव्हीचं नव्हतं.

फोन ‘जोडला’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. तो जोडला होता. भिंतीपलीकडे. काजेआजीच्या मुलीनं मागच्या वर्षी तिला मोठा टीव्ही पाठवला, तूच लिहिलं होतंस, चार माणसांनी तिरका करून जिन्यातून नेला म्हणून.

तर व्यायामवाल्या बाईचा आवाज तुला का आला नाही, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. कवळीचंही.

आणखी एक. फोन पहिल्यांदा जोडायचा असेल तर टीव्हीवर प्रश्न येतो. अमुक फोन जोडू पाहतोय, परवानगी द्यायची का? खाली ‘हो’ आणि ‘नाही’. तुला पहिल्या दिवशी ‘थांबा’ आलं ना, तेव्हा तिकडे हाच प्रश्न होता. नाव दिसलं असणार ‘कॉलरवाली’. ते आपोआप होत नाही, आजी. तिकडे कुणीतरी रिमोट उचलून ‘हो’ दाबलंय.

मी हे पत्र लिहिताना इतकी हसले की ताईंनी येऊन विचारलं, सेनापती ठीक आहे ना.

आता रिमोटचं बटण शोध. तुझा टीव्ही चांगला आहे, त्याला मारू नकोस.

तुझी,
टाचणी

ता.क. काजं कुणासारखी घातलीत ते तुला बघितल्यावर कळेल. आत्ता सांगत नाही.


१८ मार्च

टाचणे,

मी खुर्चीतच आहे. सकाळपासून.

कवळीचं जाऊ दे. सगळ्यांनाच म्हातारपणी बसते. गुडघ्याचंही जाऊ दे. पण मी तुला सगळं लिहिलं नव्हतं, आणि आता लिहिल्याशिवाय गत नाही, कारण भिंतीपलीकडे तर ते आधीच पोचलंय.

‘जुने फोटो बघते’ असं लिहिलं ना, तर तो एकच फोटो. कारखान्यातला, आम्ही दोघी टेबलाशी, तिच्या तोंडात दोरा. तो मी दोन बोटांनी ताणून मोठा करते आणि तिचे हात बघते. रोज.

आणि ‘इकडचं तिकडचं’ म्हटलं ते असं. फोनमध्ये बोललं की अक्षरं उमटतात ना, तसा मी तिला निरोप लिहीत होते. पाठवायला नाही. नुसता लिहून बघायला. लिहायचे आणि पुसायचे. ‘तुझी काजं’ इथपर्यंत यायचं आणि पुढे बोट अडायचं. मग एखादा शब्द पुढे जायचा, मग तोही पुसायचे. पाच-सहा दिवस हेच चाललंय. आणि ते सगळं तिच्या भिंतीएवढ्या पडद्यावर, लिहिताना, पुसताना.

आता खरं ऐक. पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. त्या परत आलेल्या कोटाची काजं वाकडी नव्हती. काज घालणारी खडूच्या खुणेवरच काज घालते, आणि खुणा माझ्या होत्या. मीच खाली-वर केल्या होत्या. दिसेनासं तिला नाही, मला झालं होतं. मालकानं विचारलं तेव्हा वाटलं, मला घरी बसवेल, आणि तोंडातून तिचं नाव निघून गेलं. आणि मग ती गेली आणि मी आणखी दोन वर्षं काम केलं, खुणा करायला दुसरीला बसवून.

रिमोटचं बटण मी शोधलेलं नाही. तीन ते चारही बसत नाही. जिना उतरताना आधी दार किलकिलं करून बघते, ती नाही ना. दहा दिवस राहिलेत, आणि मला तुझा कोट बघायचाय, पण फोन हातात घ्यायचीच भीती वाटते.

आजी


(दाराखालून सरकवलेली चिठ्ठी)

२० मार्च

कॉलरवाली,

चार दिवस काही दाखवलं नाहीस. बरी आहेस ना?

त्या दिवशी माझी मालिका चालली होती, मध्येच चौकट आली. कॉलरवाली जोडू पाहतेय, परवानगी द्यायची का? मला आधी वाटलं, मालिकेतच आहे. मग वाटलं, सात वर्षांनी बाई काहीतरी विचारतेय तर ‘नाही’ कशाला म्हणा. मालिका तशीही रटाळ होती.

व्यायामाचा तिसरा प्रकार तू चुकीचा समजलीस असं मला वाटतं, भिंतीवरून धपधप आवाज येतो. पाय सावकाश खाली आणायचा असतो.

आता एक सांग. ‘तुझी काजं’ याच्या पुढे काय होतं? चौदा वेळा पुसलंस. मी चष्मा लावून टीव्हीला नाक लावून बसते आणि तू पुसतेस. इतकी ओढ त्या मालिकेनंही लावली नाही.

काजेवाली


(त्याच चिठ्ठीच्या पाठीवर, त्याच दिवशी)

तुझी काजं सरळ होती. खुणा माझ्या वाकड्या होत्या. मला तेव्हाच माहीत होतं.

कॉलरवाली


(त्याखाली, उरलेल्या जागेत)

मलाही तेव्हाच माहीत होतं. मालकाला सांगितलं नाही, कारण तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवल्यावर तुझ्याबद्दल तरी कशाला बोला. पण तू एकदा म्हणावंस एवढंच होतं. सात वर्षं लावलीस. तेवढ्या वेळात मी चाळीस हजार काजं घातली असती.

पोरीचं नाटक शनिवारी चारला, हे तुझ्या फोनवर वाचलंय. मी आहे घरी.


२४ मार्च

प्रिय आजी,

तुझं १८ चं पत्र मी दोनदा वाचलं आणि घडी घालून कोटाच्या अस्तराच्या खिशात ठेवलं. सेनापती शनिवारी ते छातीशी घेऊन फिरेल, त्याला माहीत नसेल.

मी तुला रागावलेले नाही. जरा रागावले होते, पण मग तू रोज तिचे हात मोठे करून बघतेस हे आठवलं.

आता लाजून बसू नकोस. फोन घे, रिमोट घे, बटण शोध. नाहीतर सरळ शेजारी जा. दोन्हीतलं काहीतरी कर, पण कोट बघ. दुसऱ्या अंकात तो पाठमोरा वळतो, कॉलर तेव्हा दिसेल. काजं शेवटी, तो कोट काढून खुर्चीवर टाकतो तेव्हा, अगदी जवळून. कॅमेरावाल्याला मी विनवण्या करून ठेवल्यात.

तुझी,
टाचणी


२९ मार्च

माझ्या गुणी टाचणीला,

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर मी भलतीकडे जाईन.

तुझं पत्र यायच्या आधीच चिठ्ठी आली होती, ती सोबत पाठवतेय, जपून परत कर. काजेवालीनं लिहिलंय, मी लिहिलंय, जागा संपेपर्यंत. मी उत्तर लिहून चिठ्ठी तिच्या दाराखालून सरकवली आणि तिथेच उभी राहिले. मग दाराखालून चिठ्ठी परत आली, तर मी ती वाचत तिच्याच दारात. दार उघडून म्हणाली, ‘आत ये, पोस्टमनसारखी काय उभी आहेस.’

शुक्रवारी मी आपला टीव्हीसुद्धा जोडला. होय, मीच. बाणाचं बटण, खाली खाली, फोनची स्क्रीन, मग फोनवर दोन नावं आली. एक तिचं, एक आपलं. आपल्यावर बोट ठेवलं आणि तो फोटो आला, मोठा, ती आणि मी, तिच्या तोंडात दोरा. वेगळ्या कंपनीचा असूनही बिचाऱ्यानं काही कुरकुर केली नाही. मी त्याला फडक्यानं पुसलं आणि बंद केला.

शनिवारी साडेतीनलाच तिच्याकडे गेले. तिनं दोन खुर्च्या टीव्हीच्या इतक्या जवळ मांडल्या होत्या की गुडघे टेबलाला टेकत होते. मी फोन काढला, तिच्या नावावर बोट ठेवलं. आता आम्ही एकाच खोलीत, तरी तिनं रिमोट हातात घेऊन विचारलं, ‘कोण आलंय?’ मी म्हटलं, बस गप.

नाटकातलं मला फारसं कळलं नाही. सेनापती सारखा कुणाला तरी शिव्या देत होता आणि ती मला मोठ्यानं सांगत होती, काय काय शिव्या. दुसऱ्या अंकात तो वळला. टाचणे, कॉलर मानेला अशी बसलीये की मधून सुई जायची नाही. मी नुसता तिचा हात दाबला. ती म्हणाली, ‘सोड, दुखतं.’

मग शेवटी त्यानं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि चित्र जवळ आलं. बावीस काजं, एकाखाली एक. काजेवाली उठून टीव्हीपाशी गेली. चष्मा लावून एकेक काज बघितलं. मग म्हणाली, ‘मेण लावलेला दोरा. शेवटी दोन आडवे टाके. हे माझं आहे.’ मी म्हटलं, तुझंच. पोरगी लहानपणी टेबलाखाली बसून तुझे हात बघायची, माझे नाही. हे मला माहीत होतं, मी तुला कधी सांगितलं नाही एवढंच. तिनं डोळे पदरानं पुसले आणि म्हणाली, या टीव्हीचा उजेड फार लागतो.

नाटक संपलं, टाळ्या झाल्या, आम्हीही वाजवल्या. मग ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘अठरावं काज जरा वाकडं आहे.’

मी म्हटलं, मला नाही दिसलं.

ती म्हणाली, ‘मलाही नाही दिसलं. पण बावीसमधलं एखादं असणारच.’

मी म्हटलं, असेल तर खूण चुकली असेल. काज घालणारीची चूक नसते.

ती उठली, चहा टाकला, आणि आतून ओरडली, दोनदा, मला ऐकू जावं म्हणून, की उद्या तीनला ये, ते गुडघ्याचे व्यायाम मोठ्या पडद्यावर दोघी मिळून करू, तिसरा प्रकार मी तुला दाखवते.

आत्ता तीनला दहा कमी आहेत. पत्र इथेच थांबवते. अठरावं काज तेवढं एकदा बघून कळव, आमची पैज लागलीये.

तुझी,
कॉलरवाली आजी